बारावी काच

१

पेटीत खाचा बारा होत्या आणि काचा अकरा.

प्रोफेसर लुट्झ यांनी त्या एकदा मोजल्या, चष्मा पुसून पुन्हा मोजल्या आणि मग इराकडे असं पाहिलं की जणू बारावी तिच्याच पिशवीत आहे.

"पण ती पेटीतच असायला हवी!" इरा बोलून गेली. "सकाळी सासूबाईंचा निरोप होता. बारावी एनलार्ज केलीय आणि पेटीत नीट ठेवलीय म्हणून."

झालं! इतका वेळ फक्त काच हरवली होती, आता इराच हरवली.

"एनलार्ज केलीय?" प्रोफेसरांचा आवाज खाली आला. हा माणूस रागावला की आवाज चढवत नाही, उतरवतो, आणि ते जास्त वाईट. "म्हणजे कुणीतरी तिची मोठी प्रत छापली. आणि हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

आता ही काच कसली, ते आधी सांगायला हवं, नाहीतर एवढा गहजब कशासाठी हे कळायचं नाही.

स्टुटगार्टच्या एका चढाच्या रस्त्यावर फ्राऊ हालर यांचं दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर इरा आणि तिचा नवरा रुपेश भाड्याने राहतात. खाली ऐंशी ओलांडलेल्या फ्राऊ हालर एकट्या. त्यांचे वडील एर्न्स्ट हालर तरुणपणी अमेरिकेला गेले आणि तिथे एका वर्तमानपत्रात फोटोग्राफर झाले. मग आली महामंदी. कारखाने बंद, माणसं रस्त्यावर, आणि त्यात हाडं गोठवणारा हिवाळा. त्या राज्याचे गव्हर्नर होते टेनब्रुक नावाचे एक गृहस्थ. त्यांनी काय करावं? बर्फाच्या वादळात राज्याच्या मुख्य कचेरीचे दरवाजे उघडले आणि बेघर माणसांना आत संगमरवरी जिन्यांवर, गालिच्यांवर झोपवलं. पहारेकरी कुरकुरले तेव्हा म्हणाले, "इमारत लोकांची आहे. लोक आत झोपले तर बिघडलं कुठे?" आणि स्वतःही घरी गेले नाहीत.

हालर यांनी या माणसाचे फोटो काचेच्या निगेटिव्हवर घेतले. गव्हर्नर बटाटे सोलताहेत, गव्हर्नर बर्फात रुतलेल्या दुधाच्या गाडीला खांदा देताहेत. प्रत्येक फोटोत अंगात तोच चौकड्यांचा लांब कोट, त्याचं वरचं बटण इतरांपेक्षा भलंमोठं. एवढा मोठा माणूस, पण बटण तुटल्यावर मिळालं ते लावून मोकळा झालेला.

बारावा फोटो त्या वादळी रात्रीचा. तो घेतल्यावर गव्हर्नरांनी हालर यांचा हात धरला. "आजची माणसं माझे पाहुणे आहेत," ते म्हणाले. "पाहुण्यांचे चेहरे पेपरात छापत नाहीत." हालर यांनी शब्द दिला. काचा घेऊन ते मायदेशी परतले, युद्ध झालं, घरं पडली, काचा तळघरात वाचल्या. बारावी काच मात्र काळ्या पाकिटातच राहिली. तिची प्रत कधी काढली नाही, इरा जिथे पीएच.डी. करते त्या प्रोफेसर लुट्झ यांच्या संस्थेने बाकीच्या अकरा स्कॅन केल्या तेव्हा हिला कुणी हातही लावला नाही. आज संध्याकाळी सहाला प्रदर्शन उघडायचं होतं, आणि त्यात ती पाकिटासकट, न उघडता मांडायची होती. फ्राऊ हालर यांची अट एकच होती.

ती त्यांनी आता आपल्या घरी, पेटीशेजारच्या खुर्चीत बसल्याबसल्या पुन्हा सांगितली. "कुणी तिची प्रत काढली असेल, तर माझ्या वडिलांचा शब्द मोडला. मग मी सगळ्याच काचा परत घेते. आज, आत्ता."

प्रोफेसरांनी हातमोजे काढले. "इरा, तुमचा करार महिनाअखेर संपतो. पुढच्या कराराचा कागद माझ्या टेबलावर आहे. त्यावर सही करायचं आता मला धैर्य होत नाही."

करार गेला की पीएच.डी. अर्धवट, आणि त्यापाठोपाठ जर्मनीतला मुक्कामही. इराने फोन काढला आणि सासूबाईंना लावला. बंद! लागणार कसा? मनोरमाबाई फ्रँकफुर्टहून पुण्याच्या वाटेवर, ढगांच्या वर होत्या.

२

ऊर्मिला रानडे आल्या त्या हातात जेवणाचा डबा आणि डोक्यात आठ प्रश्न घेऊन. बाई गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता तपासायच्या. वीस वर्षं लोकांच्या चुका शोधून पोट भरलेलं, त्यामुळे कुणी "असंच झालं हो" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. त्यांना बोलावलं होतं त्यांच्याच मुलीने. शिवांगी इराच्या संस्थेत विद्यार्थी-मदतनीस होती, आणि सकाळचा तो फोन तिनेच घेतला होता.

"आधी खा," त्या इराला म्हणाल्या. "रिकाम्या पोटी माणूस नको ते कबूल करतो."

"ऊर्मिलाताई, घास उतरत नाहीये."

"मग निदान बोल. सकाळपासून काय काय झालं?"

इराने सांगितलं. ती सातलाच प्रदर्शनाची मांडामांड करायला गेली होती. फ्राऊ हालर व्यायामोपचाराला गेल्या होत्या, त्यांच्या घराची किल्ली नेहमीप्रमाणे वर इराकडे. घरात सासूबाई एकट्या. मग रुपेश गाडी घेऊन आला आणि त्यांना विमानतळावर घेऊन गेला. निघण्याआधी सासूबाईंनी फोन केला, पण इरा दालनामागच्या अंधाऱ्या खोलीत, फोन टेबलावर. तो शिवांगीने उचलला.

"रुपेश काय म्हणतो?"

"आई वाटेत गप्प होत्या म्हणे. त्याला वाटलं, निघताना जीव कासावीस झाला असेल."

ऊर्मिलाबाई पेटीवर वाकल्या. जुनी लाकडी पेटी, पितळी कडी. झाकणाच्या मधोमध तांबड्या रंगाचा एक बारीक ठिपका होता. त्यांनी बोट लावलं तर बोटाला रंग आला.

"गंज," प्रोफेसर म्हणाले.

"लाकडाला?" ऊर्मिलाबाईंनी विचारलं, आणि प्रोफेसरांनी विषय बदलला.

फ्राऊ हालर खिडकीशी बसून होत्या. त्यांचा राग आता ओसरला होता आणि त्या जागी नुसतं दुःख होतं. "मनोरमा रोज खाली यायची," त्या म्हणाल्या. "आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही, तरी दोन-दोन तास बोलायचो. गव्हर्नरांचे फोटो बघून ती असे हात जोडायची. अशा बाईच्या घरातून हे व्हावं? आज सगळंच उलटंपालटं झालंय. माझा झाडूसुद्धा कुणीतरी खुंटीवरून काढून दाराआड जमिनीवर निजवलाय!"

ऊर्मिलाबाईंनी स्वयंपाकघरात डोकावलं. खुंटीवर सुपली होती. झाडू दाराआड भिंतीला लागून आडवा ठेवलेला, अगदी सरळ, टापटिपीने. टाकून दिलेला झाडू असा नसतो.

"फ्राऊ हालर, काल पेटीजवळ कोण कोण आलं होतं?"

"काल? चौकटी द्यायला तो तरुण आला होता. अनिमेष. त्याने पेटी उघडली होती."

इराचा चेहरा उतरला. "ताई, अनिमेषच्या तळघरात एनलार्जर आहे. जुना, मोठा. त्याने मला दोनदा विचारलं होतं, बाराव्या काचेची एक प्रत काढू या का म्हणून."

३

अनिमेष राजाध्यक्ष हा मोटारींच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर, आणि उरलेल्या वेळात फोटोवेडा. त्याच्या तळघरात पाऊल टाकलं की लाल दिवा, औषधांचा उग्र वास आणि दोरीवर टांगलेले ओले फोटो.

"इथेच केलंस का?" ऊर्मिलाबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं.

"काय केलं?"

"बारावी काच इथे एनलार्ज केली का?"

अनिमेष लालबुंद झाला, म्हणजे दिव्यामुळे तो आधीच होता, पण कानाच्या पाळ्यासुद्धा झाल्या. "ऊर्मिलाताई, करायची होती. खोटं कशाला बोलू? त्या माणसाचे बाकीचे अकरा फोटो पाहिले की बारावा पाहिल्यावाचून राहवत नाही. काल मी पेटी उघडली, पाकीट हातात घेतलं, आणि मनोरमाकाकूंना म्हटलं, एक तास द्या, कुणाला कळणार नाही."

"मग?"

"मग काय! काकूंनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि परत खाचेत ठेवलं. म्हणाल्या, 'गव्हर्नरसाहेबांनी नको म्हटलंय ना? मग नको. मोठ्या माणसाचा शब्द तो गेल्यावरच पाळायचा असतो, समोर असताना कुणीही पाळेल.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहासुद्धा न घेता पळालो."

 ऊर्मिलाबाईंना हे खोटं वाटेना. आणि खरं असेल तर कोडं आणखी बिकट होत होतं. काल ज्या बाईने काचेवर असा पहारा ठेवला, तीच आज ती कुणाला देईल का?

"प्रोफेसर लुट्झ?" अनिमेषने आपणहून विचारलं. "त्यांना तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हवा होता तो फोटो."

"ते सकाळपासून पंचवीस माणसांसमोर भिंतीला खिळे ठोकत होते. इराही तिथेच होती."

"आल्झो, म्हणजे मग कोण उरलं?"

"कुणीच नाही. तेच तर."

अनिमेष डोकं खाजवत म्हणाला, "पण ताई, एक सांगू? मला तो निरोपच विचित्र वाटतोय. काच एनलार्ज केली म्हणजे काय? काच कशी एनलार्ज होईल? मोठी होते ती कागदावरची प्रत. काच आहे तेवढीच राहते. आणि काकूंना एनलार्ज हा शब्द तरी कुठून..."

ऊर्मिलाबाई ताडकन उठल्या. त्यांचा स्वतःवरच राग उफाळून आला होता. कंपनीत त्या रोज ओरडून सांगायच्या, तक्रारीचा सारांश नको, तक्रार करणाऱ्याचे शब्द आणा! आणि इथे सकाळपासून त्या एका निरोपाच्या भाषांतराच्या भाषांतरामागे धावत होत्या.

४

शिवांगी प्रदर्शनाच्या दालनात, गव्हर्नर बटाटे सोलत होते त्या फोटोखाली फरशीवर बसली होती. रडून डोळे सुजलेले. मुलगी याच देशात वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं, आणि घरात कुणी फारसं टोकलं नाही.

"ममा, मी सांगितलं ना," ती जर्मनमध्ये म्हणाली. "आजी म्हणाली, बारावी फेरग्र्योसर्ट. मोठी केली."

"जर्मन नको. आजीचे शब्द सांग. जसेच्या तसे."

"तेच तर सांगतेय..."

"शिवांगी, मराठीत. ती जशी बोलली तशी. कळलं नसलं तरी चालेल."

शिवांगीने डोळे मिटले. लहानपणी पाठ केलेली 'शुभं करोति' म्हणताना मिटायची तसे. आणि मग तिच्या तोंडून मनोरमाबाईंचा हुबेहूब हेल निघाला.

"इराला सांग बाळा, बारावी काच वाढली. डब्यात नीट ठेवलीय. घाबरू नकोस म्हणावं, आणि आजच्या दिवशी वाईटसाईट बोलू नकोस."

इरा तिथेच मागे उभी होती. तिच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

"वाढली?" ती म्हणाली. "वाढली म्हणाल्या त्या?"

"हो. वाढली. वाढणे, ग्र्योसर वेर्डन. मोठं होणं. फोटोचंच बोलत होती ना?" शिवांगी घाबरून दोघींकडे बघू लागली. "मी काय चुकले?"

ऊर्मिलाबाई खाली बसल्या, मुलीशेजारी, फरशीवरच. त्यांना हसू की रडू कळेना.

"तू नाही गं चुकलीस. मी तुला कधी सांगितलंच नाही. बांगडी फुटली असं जुन्या बायका तोंडातून काढत नाहीत. बांगडी वाढली म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तर वाढलं. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. चांगल्या दिवशी मोडण्या-फुटण्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून उलटा शब्द."

"म्हणजे काच..."

"फुटली. कुणी छापली नाही, कुणी चोरली नाही. फुटली! अगं, सगळं डोळ्यांसमोर होतं. झाकणावरचा तो तांबडा ठिपका, कुंकू आहे ते. रुपेशची नवी गाडी आली तेव्हा काकूंनी तिला लावलं होतं की नाही? आज गव्हर्नरसाहेब घराबाहेर पडणार, मग पेटीला हळदकुंकू नको? त्या नादात शेवटचा नमस्कार करायला काच बाहेर काढली असणार आणि ती निसटली. मग केर काढला. आणि काकू झाडू उभा ठेवतील? जन्मात नाही. आडवा ठेवला."

प्रोफेसर लुट्झ हे मराठी संभाषण तोंड उघडं टाकून ऐकत होते. इराने त्यांना जर्मनमध्ये सगळं थोडक्यात सांगितलं. "पण मग काच कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "तुमच्या सासूबाई म्हणाल्या की पेटीत. पेटीत तर नाही."

"पेटीत म्हणाल्याच नाहीत त्या," इरा म्हणाली. "डब्यात म्हणाल्या. माझ्या सासूबाईंच्या जगात डबा एकाच ठिकाणी असतो."

५

वरच्या मजल्यावर इराच्या स्वयंपाकघरात डबे तेरा होते, पण इराने दुसऱ्या कशाला हात लावला नाही. सरळ तांदळाचा मोठा डबा उचलून टेबलावर ठेवला. मनोरमाबाई सोन्याच्या पाटल्यासुद्धा प्रवासाला निघताना तांदळातच पुरायच्या.

तिने कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तो हिरवा कोरा खण, चार पदरी गुंडाळलेला. आत काळं पाकीट. पाकिटात काच, दोन तुकड्यांत.

जिना चढून वर आलेल्या फ्राऊ हालर दारात धापा टाकत उभ्या होत्या. इरा त्यांच्याकडे वळली. ज्या काचेने महायुद्ध काढलं, ती तिच्या घरच्या नमस्काराने फुटली होती.

"फ्राऊ हालर, मला माफ करा. ती तुटलीय."

"तुटली?" म्हातारी पुढे आली. "तुटली ना? छापली नाही ना कुणी?"

"नाही. कुणी पाहिलीसुद्धा नाही."

फ्राऊ हालर यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं आणि एक मोठा श्वास सोडला. त्या चक्क हसत होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं ते वेगळंच. "मग काच मोडली, बाळा. शब्द नाही मोडला. काचेचं काय घेऊन बसलात!"

मग त्यांनी स्वतःच दोन्ही तुकडे उचलले, जोडले आणि खिडकीच्या उजेडात धरले. इराने मान फिरवली, प्रोफेसरांनीही फिरवली.

"बघा," त्या म्हणाल्या. "छापायचं नाही म्हणाले होते. बघायचं नाही असं कुठे म्हणाले? पाहुण्यांना पाहुण्यांनी बघावं."

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. चेहरे काळे, सावल्या पांढऱ्या. जिन्याच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर वाडगा. बाया, म्हातारे, पोरं.

"पण यात गव्हर्नर कुठे आहेत?" प्रोफेसरांनी विचारलं. "तो चौकड्यांचा कोट दिसत नाही."

"दिसतोय की," ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "तो बघा. वरचं बटण भलंमोठं आहे."

कोट होता. एका म्हाताऱ्या बाईच्या खांद्यांवर होता, आणि त्यात तिच्या कुशीतलं पोरही झाकलं गेलं होतं. तिच्याखालच्या पायरीवर, दरवाजातून वारा येत असणार त्या बाजूला, एक माणूस नुसत्या सदऱ्यावर बसून सूप पीत होता. त्या गर्दीत कोट नसलेला तो एकटाच. कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं, तो शेजारच्या मुलाच्या वाडग्यात पाव बुडवून देत होता.

प्रोफेसर लुट्झ यांनी चष्मा काढला. "मला हा मुखपृष्ठावर हवा होता," ते स्वतःशीच म्हणाले. "लाज वाटते आता." मग इराकडे वळून त्यांनी सरळ माफी मागितली, आढेवेढे न घेता, आणि कराराचा तो कागद टेबलावरून आणायला शिवांगीला सांगत जिना उतरले.

फ्राऊ हालर काच पाकिटात ठेवत होत्या. "मनोरमाने निरोपात नेमका काय शब्द वापरला होता?"

ऊर्मिलाबाईंनी सांगितला, अर्थासकट. म्हातारीने मान डोलावली. त्यात तिला नवल वाटलं नाही. "आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दारात बशा फोडतात," ती म्हणाली. "पुढे चांगलं व्हावं म्हणून."

सहाला प्रदर्शन उघडलं. अकरा फोटोंपुढे माणसं खोळंबून उभी राहत होती, आणि बाराव्या जागी काचपेटीत नुसतं काळं पाकीट होतं, हिरव्या खणावर ठेवलेलं. खाली लिहिलं होतं: पाहुण्यांचे चेहरे छापत नाहीत. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वेळ लोक तिथेच थांबत होते.

लोक पांगत आले तेव्हा इराचा फोन वाजला. विमान उतरलं होतं.

"इरा! अगं निरोप मिळाला का गं? जीव टांगणीला लागलाय माझा. रुपेशला बोलले नाही, तो फ्रँकफुर्टपर्यंत व्याख्यान देत बसला असता. फ्राऊ हालर रागावल्या का?"

इराने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. फ्राऊ हालर पुढे झुकल्या आणि तासभर घोकलेलं वाक्य एकेक अक्षर तोलत बोलल्या. "मनोरमा! काच... वाढली. गुट! अल्लेस गुट!"

सगळं छान आहे, एवढं जर्मन पलीकडे कळलं. हुंदका आला, मग हसणं. मग मनोरमाबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि तुझं गं? माझ्या धांदरटपणामुळे तुझ्या नोकरीचं काही बिनसलं नाही ना?"

"नाही हो आई. प्रोफेसरांनी आत्ताच सही केली. माझा करार दोन वर्षांनी वाढला!"



"अगं बाई!" मनोरमाबाई किंचाळल्या. "तोही मोडला?"

इरा हसत हसत खालीच बसली, तिला बोलता येईना. तेव्हा शिवांगीने तिच्या हातातून फोन घेतला. "नाही आजी," ती ठणठणीत मराठीत म्हणाली, "हा खराखुरा वाढला."